दम धरायचा नाही

मे महिन्यात ताई आणि दाजी मालवणला जाऊन आले आणि येताना भाच्याचा समुद्राखालचा व्हिडिओ घेऊन आले. दीड मिनिटाचा. निळंहिरवं पाणी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि त्यांच्या मधोमध आमचा भाचा, पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी धरून हात हलवतोय. भाचा बारा वर्षांचा. माझा मुलगा तेव्हा नुकताच नऊ पूर्ण झालेला. त्यानं तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर किती वेळा पाहिला याची गणती नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाला, "पप्पा, मला पण स्कुबा शिकायचंय. मला तर दादापेक्षा चांगलं पोहता येतं."

ते खरं होतं. त्यामुळंच मी तेव्हाच्या तेव्हा हो म्हणून बसलो असतो.

आमचं गाव औसा तालुक्यात. लातूरला माझं कृषी सेवा केंद्र आहे, पण शेत आणि आई-आबा गावाकडं. समुद्र आमच्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या वर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली, त्याच महिन्यात हे लेकरू जन्मलं. दवाखान्यात बाळंतिणीसाठी पाणी मी गावाकडून कॅनमध्ये भरून नेत होतो. त्याच लेकराला पाण्याची एवढी ओढ लागावी, याचं मला कायम अप्रूप वाटत आलंय.

पोहणं तो विहिरीत शिकला. जसा मी शिकलो, जसे आबा शिकले. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला चऱ्हाट, आणि वरून कुणीतरी ढकलून द्यायचं. नाकातोंडात पाणी गेलं की वरचे हसायचे आणि म्हणायचे, काही होत नाही, मार हात. माझा मुलगा पाचव्या वर्षी भोपळ्यासकट उतरला, सहाव्या वर्षी भोपळा सुटला, सातव्या वर्षी काठावरून मुटका मारायला लागला आणि आठव्या वर्षी तळाचा दगड घेऊन वर आला. तळाचा दगड म्हणजे आमच्या विहिरीवरची परीक्षा. एकानं बुडी मारायची, बाकीच्यांनी पायऱ्यांवर बसून आकडे मोजायचे. आमच्याकडं पोहणाऱ्याची किंमत दमावर ठरते. कोण किती वेळ दम धरतो आणि वर आल्यावर किती कमी धापा टाकतो, यावर.

हे सगळं मी अभिमानानं सांगत होतो, फोनवर, मालवणच्या लोकांना.

मी तीन ठिकाणी फोन लावले. पहिल्यानं विचारलं, "किती जण आहात?" दुसऱ्यानं वय ऐकलं आणि म्हणाला, आठच्या वर आहे ना, मग घेऊन या, पोहता आलं नाही तरी चालतं, आमचा माणूस धरूनच असतो. कान, छाती, सर्दी, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. तिसऱ्या ठिकाणी एक प्रशिक्षक भेटले. त्यांनी दर सांगण्याआधी मलाच प्रश्न घातले. कान कधी वाहिला होता का? बाळदमा होता का? सर्दी किती वेळा होते? झोपेत घोरतो का? वर्गात बाईंचं ऐकतो का? आणि मग, "हे मुलाला हवंय की तुम्हाला?"

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण फोन ठेवला नाही. त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. सिलिंडर लावून कुणीतरी धरून पाच-दहा मिनिटं मासे दाखवून आणणं ही एक गोष्ट, आणि पाण्याखाली स्वतःचा श्वास, स्वतःचा कान, स्वतःचा पाण्यातला चष्मा सांभाळायला शिकणं ही वेगळी. जगभर सगळ्यात जास्त चालणारी पॅडी ही शिकवणारी संघटना आठ वर्षांच्या मुलाला फक्त पोहण्याच्या तलावात किंवा तशाच बंदिस्त उथळ पाण्यात, दोन मीटरपर्यंत सिलिंडरमधून श्वास घेऊन पाहू देते. समुद्रातला खरा कोर्स दहा पूर्ण झाल्यावर. तेव्हाही दहा-अकरा वर्षांच्या मुलाला 12 मीटरच्या खाली न्यायचं नाही, आणि सोबत प्रशिक्षक हवा, नाहीतर ज्यांच्याकडं स्वतःचं प्रमाणपत्र आहे असे आई-वडील हवेत. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना 18 मीटर, तेही प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या माणसाच्या सोबतीनं.

"दहाच्या आत नाही, एवढंच तो नियम सांगतो," ते म्हणाले. "दहाव्या वाढदिवसाला मूल तयार झालं, असं कुठं लिहिलेलं नाही. ते तुम्ही ठरवायचं, डॉक्टरांनी ठरवायचं आणि मी ठरवायचं. तिघांपैकी एकानं नाही म्हटलं तर नाही."

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पावसाळ्यात तसंही बंद असतंय ना तिकडं? दिवाळीपर्यंत वेळ आहे. तोवर आपण लेकराकडं नीट बघू." आबा ओसरीवर बसून ऐकत होते. नातवाला म्हणाले, "जरा दम धर की बापू. समिंदर कुठं पळून चाललाय?"

आधी डॉक्टर. बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासली, जुने कागद पाहिले. तीन वर्षांचा असताना दोनदा छातीत घरघर झाली होती, नंतर कधीच नाही. तेवढ्यावर त्यांनी नकार दिला नाही, पण पळवून, दम लागल्यावर पुन्हा छाती ऐकली. हवा छातीत कुठं अडकून राहत असेल तर पाण्यातून वर येताना ती फुगते, म्हणून, असं म्हणाल्या. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, आणि तिथं जे झालं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

कानाच्या पडद्यामागं हवेची एक पोकळी असते आणि तिथून एक नळी नाकाच्या मागं उतरते. युस्टेशियन नळी. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. मोठ्या माणसात ही नळी उतरती असते. लहान मुलांची अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यात नाकामागच्या गाठी सुजलेल्या असल्या की तिचं तोंडच दबतं. म्हणून पोरांचे कान सारखे दुखतात. पाण्यात खाली जाताना दर मीटरभरानं किंवा त्याच्याही आधी ही नळी उघडून कान मोकळे करावे लागतात. नाही झाले तर पडदा आत ओढला जातो, दुखतं, आणि तसंच रेटून खाली गेलं तर फाटतो.

डॉक्टरांनी त्याला नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच फुंकायला सांगितलं. स्वतः कानात दुर्बीण घालून पडदा बघत होते.

"सुटला कान? टक् झालं?"

"हो."

"दुसरा. फुंक. झालं?"

"हो."

डॉक्टरांनी दुर्बीण बाजूला ठेवली आणि माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघून विचारलं, "उजव्या कानात खरंच टक् झालं का रे? मला पडदा हललेला दिसला नाही."

तो गप्प. मग माझ्याकडं बघितलं. मग खाली. मग म्हणाला, "डाव्यात झालं. उजव्यात नाही झालं. पण मला वाटलं, नाही म्हटलं तर तुम्ही जाऊ देणार नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. पंधरा दिवसांचं औषध दिलं, सर्दी गेल्यावर पुन्हा बोलावलं आणि मला बाहेर थांबवून एवढंच म्हणाले, "कान महिन्याभरात मोकळा होईल. हे हो म्हणणं कसं जाईल ते तुम्ही बघा."

गाडीत मी बराच वेळ काही बोललो नाही. हे हो कुठून आलं ते मला माहीत होतं. पडला, गुडघा फुटला, की मी म्हणायचो, काही नाही झालं, ऊठ. विहिरीत नाकात पाणी गेलं की काही होत नाही, मार हात. गोमाशी चावली तरी, मर्दा, एवढ्यानं रडतंय का कुणी. नऊ वर्षं मी त्याला एकच शिकवलं होतं, की दुखलं तर सांगायचं नाही. जमिनीवर त्यानं फारसं बिघडत नाही. पाण्याखाली दहा मीटरवर ज्या मुलाला दुखतंय आणि जे हातानं सगळं ठीक आहे अशी खूण करतंय, त्याला प्रशिक्षक वाचवणार तरी कसा?

त्या दिवसापासून घरात आम्ही एक बदल केला. दुखतंय का विचारायचं आणि तो जे सांगेल ते ऐकून पुढं एक शब्द बोलायचा नाही. शाब्बास नाही, काही होत नाही नाही, काहीच नाही. वाचायला सोपं वाटतंय, पण माझी जीभ रोज अडखळायची.

नवरात्रात विहीर भरली. बायकोनं दोराला दर मीटरवर गाठ मारली. एक उभट प्लॅस्टिकचा डबा घेतला, आत 15 सेंटीमीटर लांबीची कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर वरपासून खालपर्यंत जांभळ्या स्केचपेननं जाड रेघ ओढली. डब्याचं तोंड खाली, त्याखाली दोन विटा बांधल्या आणि तो तसाच पालथा विहिरीत सोडला. पाचव्या गाठीपर्यंत. मग हळूहळू वर ओढला.

खालून पाच सेंटीमीटर रेघ फुटून पसरली होती. त्याच्या वरची दहा सेंटीमीटर कोरडी, जशीच्या तशी.

"म्हणजे पाणी इथपर्यंत शिरलं," पोरगा बोट ठेवून म्हणाला. "मग आता हवा परत कशी आली?"

तेच तर शिकवायचं होतं. पाच मीटर खाली पाण्याचा दाब दीडपट होतो, म्हणून तीन वाटे हवेची दोन वाटे झाली. वर आणली की पुन्हा तीन वाटे. दहा मीटरवर निम्मीच राहिली असती. विहिरीत बुडी मारताना आपण काठावरची हवा छातीत घेऊन जातो, ती खाली दबते आणि वर आली की पहिल्याएवढी होते, त्यामुळं दम धरून वर येताना छाती फुटायचा धोका नाही. सिलिंडरनं मात्र खालीच, दाबातली हवा छातीभर मिळते. ती घेऊन तोंड मिटून वर आलं, तर छातीत मावणार नाही एवढी ती फुगते. फुप्फुस फाटायला फार खोलही जावं लागत नाही, दीड-दोन मीटर पुरतात. सगळ्यात जास्त फुगणं तर पृष्ठभागाजवळच होतं.

"डब्याचं तोंड उघडं होतं म्हणून जादा हवा बाहेर जाऊ शकली असती," बायको म्हणाली. "आणि खालीच हवा भरून झाकण लावलं असतं तर?"

तो पट्टीकडं बघत राहिला. "फुटला असता."

"म्हणून स्कुबात पहिला नियम काय?"

"दम धरायचा नाही."

त्याला समजलं होतं. पट्टी त्यानं वहीत चिकटवली, खाली तारीख घातली. मला वाटलं, झालं, पोरगं तयार झालं. पण समजणं डोक्यात असतं, आणि विहिरीतली चार वर्षं त्याच्या छातीत होती. ते मला मालवणला कळलं.

त्याआधी लातुरातल्या एका तलावावर रोज सकाळी नेत होतो. कोर्सला 200 मीटर न थांबता पोहावं लागतं, वेळेचं बंधन नसतं, आणि दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगून राहावं लागतं. 200 मीटर त्यानं पहिल्याच दिवशी केले. तरंगणं महिनाभर जमलं नाही. पाण्यात गेलं की हात मारायचे एवढंच त्याच्या अंगाला माहीत. पाठीवर झोपवलं की दुसऱ्या मिनिटाला पालथा पडायचा, सूर मारायचा, कुणाच्यातरी पायाला धरायचा. मला आधी वाटायचं, किरकोळ गोष्ट आहे, पोहता तर येतंय. नंतर उमगलं की स्कुबात पोहण्यापेक्षा न हलणंच जास्त असतं. सावकाश श्वास, हात जवळ, कशालाही हात न लावता थांबणं. नोव्हेंबरमध्ये तो साडेसात मिनिटं तरंगला. आभाळाकडं बघत, ओठ हलवत. काय पुटपुटतोस विचारलं तर म्हणाला, सतराचा पाढा.

दिवाळीनंतर निघालो. तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग घाट. ताई-दाजी पण आले. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळानं स्कुबा शिकवणारी संस्थाच उभी केली आहे आणि मालवण परिसरात खाजगी मंडळीही पुष्कळ आहेत. आम्ही त्या फोनवरच्या प्रशिक्षकांकडं गेलो.

त्यांनी आल्या आल्या डॉक्टरांचा कागद वाचला, मग आम्हा दोघांना चहा प्यायला पाठवलं आणि मुलाला घेऊन एकटेच बसले. वीस मिनिटं. काय विचारलं ते त्यानं रात्री सांगितलं. तुला कशाची भीती वाटते? खाली गेल्यावर नको वाटलं तर मला कसं सांगशील? तुझे पप्पा वरून बघत असले तरी सांगशील? या शेवटच्या प्रश्नाला त्यानं काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही.

मग खुणा. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की ठीक आहे. हात आडवा हलवला की काहीतरी बिघडलंय. कानाकडं बोट, कान दुखतोय. आणि अंगठा वर म्हणजे वर चला. आपल्याकडं अंगठा वर म्हणजे भारी, एक नंबर. पोरगं तलावात दोन मीटरवर गुडघे टेकून बसलं, पहिला श्वास घेतला, डोळे एवढे मोठे झाले आणि आनंदानं दोन्ही अंगठे वर केले. प्रशिक्षकांनी त्याला शांतपणे वर आणलं. "तू वर चला म्हणालास, मी आणलं." पुन्हा खाली. पुन्हा अंगठा. पुन्हा वर. चौथ्या वेळी त्याच्या बोटांचा गोल झाला.

मी काठावर पालथा पडून बघत होतो. पाणी काचेसारखं. प्रशिक्षकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, तोंडाकडं बघू नका, बुडबुड्यांकडं बघा. श्वास सोडला की बुडबुड्यांचा झुपका उठतो, श्वास घेताना थांबतो, पुन्हा उठतो. झुपका, थांबा, झुपका, थांबा. मी मनात मोजत होतो. मग तोंडातली नळी काढून पुन्हा लावायचा धडा आला. नळी तोंडात नसेल तेव्हा आ केल्यासारखं करून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे छाती बंद होत नाही. जमिनीवर त्यानं दहा वेळा बरोबर केलं होतं.

पाण्यात नळी काढली आणि त्याचे गाल फुगले. ओठ घट्ट मिटले. एकही बुडबुडा नाही. विहिरीत तळाला जाताना करतो तसाच चेहरा, तोच, ज्याच्यावर आम्ही सगळे पायऱ्यांवरून आकडे मोजायचो. आणि मग त्यानं तळाला पाय मारून उसळी घेतली.

प्रशिक्षकांचा हात त्याच्या पट्ट्यात होताच. त्यांनी त्याला तिथल्या तिथं धरलं, दुसऱ्या हातानं नळी ओठांना लावली, डोळ्यांत बघून स्वतः मोठा श्वास सोडून दाखवला. दोन सेकंद. मग बुडबुड्यांचा झुपका उठला. माझ्या हाताची नखं काठाच्या फरशीत रुतली होती.

तीन वेळा करून पाहिलं. तीनही वेळा आधी गाल फुगले. तो घाबरला नव्हता. उलट, त्याच्या अंगाला जे सगळ्यात उत्तम येत होतं, ते तो करत होता.

"आता तुम्ही उतरा," प्रशिक्षक मला म्हणाले.

मी चाळिशीचा माणूस, उभी हयात विहिरीत गेलेली. उतरलो. गुडघे टेकले, श्वास घेतला, सोडला, सगळं ठीक. नळी काढली. आणि माझे गाल फुगले. मला कळतसुद्धा नव्हतं. त्यांनी माझ्या छातीवर दोन बोटं ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. वर काठावर मुलगा पालथा पडून माझे बुडबुडे मोजत होता. मी बाहेर आलो तसा म्हणाला, "पप्पा, तुमचे पण थांबले होते."

त्याच रात्री एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जिचा मी सहा महिन्यांत विचारच केला नव्हता. पाण्याखाली माणसं जोडीनं जातात ती एकमेकांना सांभाळायला. मला काही झालं तर हे लेकरू काय करणार? त्याचं वजन 26 किलो, एका सिलिंडरचं 14-15. तो मला वर आणू शकत नाही, आणि मला सोडून सावकाश वर येण्याएवढं भान दहाव्या वर्षी कुणाला असेल? म्हणजे मी शिकलो तरी आम्ही दोघंच कधी जायचं नाही, तिसरा जाणता माणूस हवाच. आणि माझं शिकणं आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी ओढाताण झाली. किनाऱ्यावरून बोटी सुटत होत्या, त्यात याच्यापेक्षा लहान दिसणारी पोरं होती. एक जण येऊन म्हणाला, द्या पाठवून, अर्ध्या तासात आणतो, व्हिडिओ फ्री. दाजी म्हणाले, "एवढं साडेचारशे किलोमीटर आलाव, लेकराचं मन मोडू नका. आमच्याला काय झालं का?"

"नाही झालं, देवाची कृपा," मी म्हणालो. "पण दाजी, काल मी त्याचे बुडबुडे थांबलेले बघितलेत."

पोरगं रडलं. मोठ्यानं नाही, तोंड फिरवून. मी त्याला काही होत नाही म्हणालो नाही. शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मी नापास झालो का?" मी म्हटलं, परीक्षा नव्हतीच, तुझ्या छातीला विहिरीची सवय आहे, माझ्या पण. ती मोडायला दोघांनाही वेळ लागेल. त्याला हे पटलं की नाही सांगता येत नाही, पण मीही मोडायचीय म्हटल्यावर रडणं थांबलं.

दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. 1664 ला महाराजांनी पाया घातला तो, चारी बाजूंनी खारा समुद्र. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आमचा गडी समुद्र विसरला. दूधबावेच्या काठावर वाकून कितीतरी वेळ बघत बसला. "इथं समुद्रात पण विहीर असते?" मग हळूच, "इथल्या पोरांना पण दम धरायची सवय असेल का?"

परतीच्या आधी प्रशिक्षकांनी चार गोष्टी सांगितल्या. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात नाही, नाक मोकळं करायचं औषध घेऊनही नाही, कारण खाली असताना त्याचा जोर ओसरला तर वर येताना कान अडकतो. थंडी लागली की लगेच बाहेर, पोरांचं अंग लवकर गार पडतं. पुढं कधी समुद्रात खोल गेलात तर त्याच दिवशी घाट चढून घरी पळायचं नाही, दाबातल्या हवेतला अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यायचा. आणि मला वेगळं, "घरी त्याला रोज विचारू नका, कधी जायचं म्हणून. त्याला विचारू द्या."

मी तसंच केलं. हिवाळ्यात मी स्वतः सुट्ट्या जोडून पुन्हा मालवणला गेलो आणि कोर्स पूर्ण केला. गाल फुगणं तिसऱ्या दिवशी थांबलं. पोराचं चालूच होतं. लातुरातल्या तलावावर तोंडात स्नॉर्कल, म्हणजे वरची हवा ओढायची वाकडी नळी, घालून, चष्मा न लावता, नाक पाण्यात ठेवून नुसत्या तोंडानं श्वास घ्यायचा. पहिल्या आठवड्यात दहा सेकंद, ठसका, बाहेर. पाढ्यांची मदत इथंही झाली. सतरा संपून एकोणीसवर गेलं.

पाडव्याला गावाकडं गेलो. विहिरीवर चुलत भावंडं जमली होती, तळाच्या दगडाचा खेळ रंगला होता. याची पाळी आली. बुडी मारली, आम्ही मोजायला लागलो. सातवर वर आला, रिकाम्या हातानं. पोरं ओरडली. त्यानं केसातलं पाणी झटकलं आणि सगळ्यांदेखत उजव्या कानाकडं बोट दाखवलं.

"दुखायलंय. सर्दी हाय मला." आणि पायरीवर येऊन बसला.

कुणीतरी म्हणालं, "एवढ्यानं काय होतंय?" आबा काठावरून म्हणाले, "दुखायलंय म्हणतंय ना लेकरू. बसू द्या की."

एप्रिलमध्ये तो दहा वर्षांचा झाला. कान मोकळा, डॉक्टरांचा कागद तयार, माझं प्रमाणपत्र कपाटात, प्रशिक्षकांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली तारीख राखून ठेवलेली. बायकोनं आणि मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. वाढदिवसाच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानंच विषय काढला.

"पप्पा, मी परवा तलावावर तीन मिनिटं राहिलो. नाक पाण्यात ठेवून."

"बरं."

"पण चष्म्यात पाणी शिरलं की अजून माझे गाल फुगतात. तुम्हाला दिसत नाही वरून. मला कळतं."

मी गप्प बसलो.

"औंदा नको," तो म्हणाला. "औंदा दम धरू. दिवाळीला बघू."

सकाळी मी मालवणला फोन करून तारीख सोडली.